बेल वाजली की उठायचं: रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग आणि आपला छोटा धंदा



या आठवड्याचा व्हिडिओ वर्कशॉपसाठी सॉफ्टवेअर घेण्यावर आहे. त्यात एक मुद्दा दोन मिनिटांत उरकला, तो इथे नीट लिहिते. हल्ली भोसरी-चाकण पट्ट्यात कुणी सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवलं की त्यात 'रिअल टाइम', 'इव्हेंट-ड्रिव्हन', 'रिॲक्टिव्ह', 'काफ्का' असे शब्द असतात, आणि त्या शब्दांसोबत रक्कमही फुगलेली असते. शब्द कळला नाही की माणूस एकतर घाबरून सही करतो, नाहीतर घाबरून नको म्हणतो. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात कधीकधी त्याहून जास्त जातात, कारण खरंच गरज असलेली गोष्ट हातची सुटते.

आज कोड शिकायचा नाहीये. हे शब्द नेमके कशाबद्दल आहेत आणि आपल्याला त्यातलं किती लागतं, एवढंच बघू.

आले का? आले का? आले का?

गल्ल्याशेजारचा साउंडबॉक्स बघा. तो यायच्या आधी काय व्हायचं? गिऱ्हाईक म्हणायचं, "केले बघा." मग आपण फोन उचलायचा, ॲप उघडायचं, बोटाने स्क्रीन खाली ओढायची, परत ओढायची. मागे रांग. तेवढ्यात गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचं, आणि स्क्रीनशॉट खरा की खोटा हे रात्री हिशेबाला बसल्यावर कळायचं.

आपण जे करत होतो त्याला सॉफ्टवेअरवाले 'पोलिंग' म्हणतात. ठरावीक वेळाने विचारत राहायचं, "आले का?" संगणकालाही हेच काम लावता येतं आणि बरीच स्वस्त सॉफ्टवेअर्स आजही तसंच करतात. हिशेब करा. दर 5 सेकंदांनी विचारलं तर दिवसाला 17,280 वेळा विचारणं झालं. तुमच्याकडे दिवसाला 80 पेमेंट येत असतील तर सतरा हजारांहून जास्त वेळा उत्तर 'नाही' असंच येणार. आणि एवढं करूनही पेमेंट आल्यावर कळायला पाच सेकंद उशीर होऊ शकतो तो होऊ शकतोच.

साउंडबॉक्स विचारत नाही. त्याच्या आत सिम असतं, तो एकदाच सर्व्हरला जोडला जातो आणि 'या दुकानाचं काही आलं तर मला सांगा' असं सांगून गप्प बसतो. पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप आला की बोलतो. मराठीतही बोलतो. अशा छोट्या यंत्रांसाठी एमक्यूटीटी नावाची निरोप पाठवायची पद्धत सर्रास वापरतात. ती 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती, कारण तिथे सॅटेलाइटचं कनेक्शन महाग आणि विनाकारण विचारणं परवडणारं नव्हतं.

यूपीआय 2016 साली सुरू झालं आणि ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यात 1000 कोटी व्यवहारांच्या पुढे गेलं. इतक्या व्यवहारांत प्रत्येक दुकान 'आले का' विचारत बसलं असतं तर नुसत्या विचारण्यानेच यंत्रणा दमली असती.

तर 'इव्हेंट' म्हणजे घडलेली गोष्ट. पेमेंट आलं, प्रेसचा एक स्ट्रोक झाला, गेटवर गाडी आली, ऑर्डर रद्द झाली. आणि घडलं की सांगायचं, सांगितलं की कामाला लागायचं, अशा पद्धतीने प्रोग्रॅम लिहिणं ही रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची सुरुवात.

रोजकीर्द आणि खतावणी

फक्त सुरुवात म्हटलं, कारण बेल वाजणं पुरेसं नाही. रिॲक्टिव्हमध्ये खरी मजा 'स्ट्रीम' या कल्पनेत आहे, आणि ती आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

रोजकीर्द आठवा. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं. अमक्याकडून रोख आले, तमक्याला उधार दिलं, हमाली दिली. एकाखाली एक. खोडायचं नाही, चूक झाली तर उलटी नोंद टाकायची. मग त्यावरून खतावणी तयार होते, म्हणजे प्रत्येकाच्या नावाने वेगळं पान. कुणाकडे किती बाकी हे रोजकीर्दीत कुठेच लिहिलेलं नसतं, ते नोंदींवरून निघतं. खतावणीचं पान फाटलं तर कीर्दीवरून परत बनवता येतं. कीर्द गेली तर मात्र सगळं गेलं.

स्ट्रीम म्हणजे ही कीर्द. फरक एवढाच की ती संध्याकाळी बंद होत नाही, नोंदी येतच राहतात, आणि प्रत्येक नोंद पडताक्षणी खतावणीची पानं आपोआप बदलतात.

'आपोआप बदलतात' हे तुम्ही रोज बघताच, एक्सेलमध्ये. प्रेस-पार्टचं कॉस्टिंग घ्या. समजा एका नगाला 420 ग्रॅम पत्रा लागतो, त्यातला 120 ग्रॅम स्क्रॅप जातो. पत्रा 72 रुपये किलो, स्क्रॅप 30 रुपये किलो. पत्र्याचे 30.24, त्यातून स्क्रॅपचे 3.60 वजा, मटेरियल 26.64 रुपये. पत्र्याच्या खान्यात 72 चे 75 केले की शेवटचा आकडा स्वतःहून 27.90 होतो. नगामागे 1.26 वाढले, दहा हजार नगांच्या ऑर्डरला 12,600 रुपये. तुम्ही एक्सेलला 'आता परत हिशेब कर' असं सांगितलं नाही. कोणता खाना कोणावर अवलंबून आहे हे एकदा सांगून ठेवलं, बस. 1979 साली आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या स्प्रेडशीटपासून ही कल्पना लोकांच्या हातात आहे. जो पत्र्याच्या भावाचा खाना हाताने बदलतो, त्याच्या जागी सतत येणारी नोंदींची धार जोडा. झालं रिॲक्टिव्ह.

या धाटणीने प्रोग्रॅम लिहिण्याची तयार साधनं मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती 2009 मध्ये बाहेर आली. 2013 मध्ये नेटफ्लिक्सने तीच कल्पना जावा भाषेत आणली. आज आरएक्सजेएस, आरएक्सजावा ही नावं ऐकाल ती त्याच घराण्यातली. एक सावधगिरी: 'आम्ही रिॲक्टमध्ये बनवतो' असं कुणी म्हणालं तर ते वेगळं आहे. रिॲक्ट हे फेसबुकवाल्यांनी स्क्रीन बनवण्यासाठी काढलेलं साधन आहे. चांगलं आहे, पण नावात साम्य आहे म्हणून त्याचे 'रिॲक्टिव्ह सिस्टीम'चे पैसे देऊ नका.

भोसरीतली एक पॉवर प्रेस

आता हे कामात कसं येतं ते एका मशिनवर बघू. समजा भोसरी एमआयडीसीत तुमचं छोटं प्रेस-शॉप आहे. मशिनवर प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला. प्रत्येक स्ट्रोकला एक पल्स. मिनिटाला 60 स्ट्रोक धरले तर आठ तासांत जास्तीत जास्त 28,800 नोंदी. ही झाली तुमची धार. ती कच्ची आहे, तिला गाळावं लागतं.

पहिली अडचण, एका स्ट्रोकला दोनदा पल्स येणं. बटण किंवा संपर्क थरथरला की असं होतं. म्हणून सांगायचं की एक पल्स आल्यावर पुढच्या 200 मिलिसेकंदांत आलेली दुसरी मोजू नकोस. याला इलेक्ट्रॉनिक्सवाले फार पूर्वीपासून 'डिबाउन्स' म्हणतात आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला. हे नसेल तर तुमचा काउंटर 1,100 दाखवेल आणि बिनमध्ये नग निघतील 1,000. मग ऑपरेटर आणि सुपरवायझरची भांडणं. मशिनवर माणसाचा इन्सेंटिव्ह अवलंबून असेल तर ही बारीक गोष्ट राहत नाही.

मग 'फिल्टर'. सेटिंगच्या वेळी मारलेले स्ट्रोक उत्पादनात धरायचे नाहीत, ते वेगळे काढा. मग 'मॅप', म्हणजे एका गोष्टीचं दुसऱ्यात रूपांतर: टूलमध्ये दोन कॅव्हिटी असतील तर एक स्ट्रोक म्हणजे दोन नग. मग 'बफर'. तुमच्या मोबाइलवर 28,800 मेसेज नकोत. मिनिटाभराचे स्ट्रोक एकत्र करून एकच आकडा पाठव म्हटलं की दिवसाचे 480 झाले.

आता मला सर्वात आवडणारा भाग. काहीच न येणं हीसुद्धा बातमी असते. पाच मिनिटांत एकही स्ट्रोक नाही, म्हणजे मशिन थांबलं आहे. कॉइल संपली, टूल अडकलं, माणूस जागेवर नाही, काहीही असेल. 'इतका वेळ शांतता असेल तर मला कळव' असं धारेला सांगता येतं. साध्या सॉफ्टवेअरमध्ये हे घालायला फार आटापिटा करावा लागतो, इथे ते एका ओळीचं काम असतं.

पण एवढंच बसवलं तर काय होईल? जेवणाच्या सुट्टीत अलार्म. रात्री अलार्म. आणि गुरुवारी भोसरीत साप्ताहिक सुट्टी, म्हणजे दिवसभर दर पाच मिनिटांनी अलार्म! दोन दिवसांत तुम्ही फोन सायलेंटवर टाकाल आणि तिसऱ्या दिवशी खरंच टूल अडकलेलं कळणार नाही. उपाय असा की दुसरी धार जोडायची, शिफ्टची: 'चालू', 'जेवण', 'बंद'. दोन्हींची ताजी स्थिती एकत्र बघायची आणि शिफ्ट चालू असून मशिन गप्प असेल तरच ओरडायचं. याला 'कम्बाइन-लेटेस्ट' म्हणतात. वीज गेल्याची तिसरी धार जोडली तर कारणही कळतं. रिॲक्टिव्हची ताकद इथे दिसते, वेगवेगळ्या धारा जोडण्यात. नुसता एक काउंटर हवा असेल तर हजार-पाचशेचा डिजिटल काउंटर लावा आणि घरी जा.

तळेगाव चौक आणि कानबान

पुणे-नाशिक रोडने चाकणला जाणाऱ्या माणसाला ही अडचण समजावून सांगायला नको. मागून गाड्या येतच आहेत, तळेगाव चौकातून सुटतात त्याहून जास्त वेगाने. मग रांग कुठपर्यंत जाते ते आपल्याला माहीत आहे.

सॉफ्टवेअरमध्येही तेच. सेन्सर सेकंदाला हजार नोंदी ओततो आहे, लिहून घेणारा सेकंदाला दोनशेच लिहू शकतो. उरलेल्या मेमरीत साठतात, मेमरी भरते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. नेमका गर्दीच्या वेळी बंद पडतो, कारण गर्दीच्या वेळीच रांग होते. या दाबाला 'बॅकप्रेशर' कसं द्यायचं, म्हणजे मागच्याला 'थांब' कसं सांगायचं, हा या विषयातला सगळ्यात कळीचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर चाकणच्या व्हेंडरांना पाठ आहे. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, सगळे याच पट्ट्यात; त्यांना किंवा त्यांच्या टियर-वनला माल देणारा माणूस 'कानबान' शब्द ओळखतो. टोयोटाच्या ताईची ओनो यांनी अमेरिकन सुपरमार्केटवरून ही कल्पना घेतली: फळीवरून जेवढं उचललं गेलं तेवढंच मागून भरायचं. पुढच्याने कार्ड पाठवलं की मागच्याने तेवढाच माल द्यायचा. ढकलायचा नाही, ओढला जाऊ द्यायचा.

2015 मध्ये नेटफ्लिक्स आणि इतर काही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी मिळून 'रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स' नावाचा नियमसंच पक्का केला, पुढे 2017 च्या जावा 9 मध्ये तो भाषेतच आला. त्याचा गाभा काय आहे? घेणारा देणाऱ्याला सांगतो, 'मला आता 10 पाठव.' ती संपली की 'अजून 10.' घेणाऱ्याने मागितल्यापेक्षा एकही जास्त पाठवायची नाही. कानबान कार्डच हे! शॉपफ्लोअरवरची गोष्ट संगणकवाल्यांनी किती वर्षांनी परत शोधली बघा.

अर्थात प्रेसला 'थांब' सांगता येत नाही, ती स्ट्रोक मारणारच. अशा वेळी तीन मार्ग उरतात: साठवून ठेवा, मधल्या नोंदी गाळून फक्त ताजी ठेवा, किंवा एकत्र करून पाठवा. भट्टीचं तापमान असेल तर मधले आकडे गाळले तरी बहुतेक वेळा चालतं, ताजं कळलं पाहिजे. पेमेंट किंवा डिस्पॅच असेल तर एकही गाळून चालत नाही. कुठे काय चालेल हा निर्णय डेव्हलपरचा नाही, तुमचा आहे. त्याला तुमचा धंदा माहीत नसतो. तो विचारणारही नाही, जे सोपं ते करून मोकळा होईल.

एकच निरोप दोनदा

आता पैशांशी थेट संबंध असलेली गोष्ट. ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर पेमेंट गेटवे तुमच्या सॉफ्टवेअरला निरोप पाठवतो, 'पैसे आले.' तुमच्या बाजूने पोच गेली नाही, नेट क्षणभर गेलं, तर तो तोच निरोप परत पाठवतो. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण निरोप हरवण्यापेक्षा दोनदा आलेला परवडला. पण तुमचं सॉफ्टवेअर भोळं असेल तर एका पेमेंटवर दोन पार्सलं निघतील.

म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा नंबर असतो आणि 'हा नंबर आधी येऊन गेला का' हे तपासूनच पुढे जायचं. यूपीआयच्या व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो तो याच कामाचा. क्रमाचीही खात्री नसते. 'ऑर्डर रद्द' आधी आणि 'ऑर्डर आली' नंतर, असंही पोचू शकतं.

वेळेचा घोळ तर आपल्या भागात हमखास. दुपारी 3 ते 4 नेट नव्हतं, प्रेस मात्र चालू होती. चारला नेट आलं आणि तासाभराच्या नोंदी एकदम गेल्या. सॉफ्टवेअर पोचल्याची वेळ धरत असेल तर रिपोर्टमध्ये 3 ते 4 मशिन बंद आणि चार वाजता विक्रमी उत्पादन! घडल्याची वेळ मशिनपाशीच शिक्का मारून आली पाहिजे, आणि नेट नसताना नोंदी मशिनजवळच्या डब्यात साठल्या पाहिजेत. यासाठी काही फार खर्च लागत नाही, पण सुरुवातीला सांगावं लागतं. नंतर घालायचं म्हटलं की अर्धं सॉफ्टवेअर उसवावं लागतं.

मग घ्यायचं की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. दिवसाला पाच-दहा इनव्हॉइस, दोन मशिन आणि स्वतः शॉपवर उभे असाल तर यातलं काहीही नको. टॅली, एक्सेल आणि व्हॉट्सॲप पुरे. मशिन थांबलं हे तुम्हाला कानानेच कळतं.

काफ्का तर नकोच. (हो, नाव त्या लेखकावरूनच ठेवलंय.) ते लिंक्डइनमध्ये तयार झालं, 2011 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि अवाढव्य धारांसाठी आहे. 2023 च्या क्रिकेट वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक होते. असल्या गर्दीसाठी ही अवजारं. तुमच्या 28,800 स्ट्रोकना साधा डेटाबेस आणि एक लहान सर्व्हर हसत सांभाळतो.

पण तुम्ही एका जागी नसाल, म्हणजे युनिट भोसरीत, गोडाऊन कुरुळीत आणि तुम्ही कस्टमरकडे, आणि डिस्पॅचला दोन तास उशीर झाला तर लाईन थांबून डेबिट नोट येणार असेल, तर 'घडताक्षणी कळणं' याला रुपयांत किंमत आहे. ती आधी काढा. गेल्या सहा महिन्यांत उशिरा कळल्यामुळे किती गेले? डेबिट नोटा काढा, प्रीमियम भाडं देऊन पाठवलेले टेम्पो मोजा. तो आकडा कोटेशनच्या शेजारी ठेवा.

डेव्हलपरसमोर बसलात की त्याला साध्या मराठीत विचारा: नेट एक तास गेलं तर काय होईल? एकच नोंद दोनदा आली तर? नोंदी झेपल्या नाहीत तर तू साठवतोस, गाळतोस की थांबवतोस? चुकीची नोंद खोडतोस की उलटी टाकतोस? आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट कच्च्या नोंदींवरून परत काढता येईल का? शेवटचा प्रश्न कीर्द-खतावणीचाच आहे. तो अडखळला तर समजा कीर्द ठेवलेलीच नाही, फक्त खतावणी आहे.

एक खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. या धाटणीचा प्रोग्रॅम वाचायला अवघड असतो. साधा प्रोग्रॅम वरून खाली वाचत जाता येतो. यात कोणती धार कुठून येऊन कशाला मिळते हे शोधावं लागतं. लिहिणारा सोडून गेला की नवीन माणसाला महिना लागतो. धारेचं ऐकणं वेळेवर बंद केलं नाही तर मेमरी हळूहळू भरत जाते आणि 'रोज सकाळी रीस्टार्ट करा' असा सल्ला मिळतो. तो सल्ला मिळाला तर दुरुस्ती मागा, सवय लावून घेऊ नका. आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या: कोणती धार कुठून कुठे जाते याचं एका कागदावरचं चित्र, आणि कच्च्या नोंदींची प्रत तुमच्या ताब्यात, तुमच्या हार्ड डिस्कवर, दर महिन्याला.

सेन्सर, वायरिंग आणि नोंदी साठवायचा डबा यांचा एका मशिनचा खर्च पुढच्या व्हिडिओत मांडते. कॉस्टिंगची वर सांगितलेली शीट स्वतः एक्सेलमध्ये बनवून ठेवा, तिथे तीच वापरणार आहे.